‘काही घेत नाही ना?’

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली: कर्करोगाचे उपचार चालू असताना काढे, रस, पुडी, पथ्यं. त्यांतली चार घेते. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. एका सरकारी इस्पितळाच्या औषध विभागात मी ३१ वर्षं काढली, त्यांतली शेवटची चौदा किमोची औषधं मिसळण्याच्या खोलीत. आणि माझे आजोबा वैद्य होते. फोंड्याच्या बाजूला आमचं कुळागर, त्याच्या कडेला त्यांची खोली. तिथला दगडी खल आज माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मी फक्त मिरी कुटते.

डिचोलीहून एक सून लिहितात:

*नमस्कार ताई. माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या. डाव्या स्तनातली गाठ ऑपरेशन करून काढली. किमोच्या आठ सायकल ठरल्या, चार झाल्या. पाचवीपासून औषध बदलून पॅक्लिटॅक्सेल देणार होते, पण रक्त तपासलं तर लिव्हरचा आकडा वाढलेला, म्हणून तारीख दोन आठवडे पुढे गेली. डॉक्टरांनी विचारलं, ‘बाकी काही घेत नाही ना?’ सासूबाई ‘नाही’ म्हणाल्या. नणंद बाजूलाच होती, तीही गप्प. खरं म्हणजे नणंद त्यांना रोज सकाळी अमृतवेलीचा काढा देते, गव्हांकुरांचा रस देते. दिरांनी दुबईहून आणलेल्या हळद-मिरीच्या कॅप्सूल आहेत. आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली एक तपकिरी पूड आहे, तिचं नाव घरात कोणालाच ठाऊक नाही. मी तोंड उघडलं तर सुनेने चुगली केली असं होईल. सांगू की नको?*

सांगा. मात्र सासूबाईंच्या पाठीमागून सांगू नका. का ते सांगते, पण आधी डॉक्टरांच्या प्रश्नाबद्दल बोलू द्या.

‘काही घेत नाही ना?’ हा प्रश्नच नव्हे. त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरून दिलेलं असतं. समोरच्याने मान हलवायची आणि पुढच्या रुग्णाला आत यायला वाट द्यायची. बाहेर ऐंशी माणसं बसलेली असतात हे मला कळतं, मी त्याच इमारतीत आयुष्य घालवलं. तरीही ‘घरी काय काय घेता?’ असं विचारायला दोन सेकंद जास्त लागत नाहीत.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझ्या थोरल्या भावाला मल्टिपल मायलोमा झाला होता, हाडांच्या मज्जेतला कर्करोग. त्याला दर आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन असायचं आणि ते तयार करणाऱ्यांत मीही होते. त्या वर्षी चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीचं सामान काढायला मी त्याच्या माळ्यावर चढले, तर पितळी समयांच्या मागे हिरव्या झाकणाच्या तीन बाटल्या. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल, लंडनच्या भाच्याने पाठवलेल्या. ग्रीन टीमधला एक घटक बोर्टेझोमिबलाच चिकटून त्याचं काम बंद पाडतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांना २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं होतं. माझ्या खोलीत भिंतीवर तसा कागदसुद्धा लावलेला होता. कपभर चहाची गोष्ट वेगळी, कॅप्सूलमध्ये अर्क कोंबलेला असतो. मी माळ्यावरूनच ओरडले, ‘दादा, सांगितलं का नाहीस?’ तो खाली तोरणाची दोरी धरून उभा. म्हणाला, ‘तू विचारलंस काही घेत नाहीस ना. मी नाही म्हटलं. तुला तेच ऐकायचं होतं.’

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. तर तुम्ही सासूबाईंना ‘तुम्ही खोटं का बोललात’ असं विचारू नका. स्वयंपाकघरात, नणंद असतानाच म्हणा, ‘आई, आकडा कशाने वाढला ते डॉक्टर शोधतायत. आपल्या घरात जे आहे ते सगळं एका पिशवीत घालून दाखवूया का? त्यांना शोधायला सोपं जाईल.’ मग खरोखरच कापडी पिशवी घ्या. बाटल्या, पुड्या, काढ्याची उरलेली काडी, सगळं. डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी ठेवली की कोणी कोणाची चुगली केली असं होत नाही. डॉक्टरांना वेळ नसेल तर डे केअरच्या सिस्टरला नाहीतर औषध विभागातल्या माणसाला दाखवा. आम्हाला अशा पिशव्या उलगडायची सवय असते. आणि डॉक्टर बघेपर्यंत चारही गोष्टी आजपासून बंद. आकडा खाली आला की मग एकेकीचं बोलता येईल.

आता पिशवीतल्या एकेका वस्तूविषयी.

अमृतवेल म्हणजे गुळवेल. करोनाच्या काळात सगळ्यांनी कुंपणावरून तोडतोडून प्यायली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते असा. हा वाद मोठ्यांनी सोडवावा. तुमच्या कुंपणावरची वेल नेमकी कोणती हे नणंदेला तरी कुठे माहीत आहे? ज्या बाईचं यकृत आधीच किमो सोसतंय आणि आकडा वर गेलाय, तिच्यासाठी दोन्ही पक्षांचं उत्तर एकच पडतं.

हळदीला लोक फार भाबडेपणाने भितात किंवा भजतात. माशांच्या हुमणातली हळद खुशाल खाऊ द्या. कॅप्सूल ही निराळी चीज आहे. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून त्यात मिरीतलं पायपेरीन घालतात. पायपेरीन काय करतं? परकी रसायनं मोडून बाहेर टाकणारी जी यंत्रणा आतड्यात आणि यकृतात असते, तिलाच ढिली करतं. त्या दारावर हळद एकटी उभी नसते, इतर औषधंही असतात. पॅक्लिटॅक्सेल यकृतातच मोडतं, तेव्हा त्याचा हिशोब बिघडवण्यात शहाणपण नाही. पुढे सासूबाईंना टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कर्करोगातली हार्मोन रोखणारी गोळी, सुरू झालं तरी ही बाटली परत काढू नका. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की कर्क्युमिनसोबत, आणि मिरीचा अर्क जोडला तर आणखी थोडं, टॅमॉक्सिफेनचं रक्तातलं कामाचं रूप कमी होतं.

गव्हांकुर: अडचण गव्हाची नाही, ट्रेमधल्या ओल्या मातीची आणि बुरशीची आहे. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला असतात. त्या दिवसांत कच्चा, न शिजवलेला रस म्हणजे जंतूंना मागचं दार. आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा: ताप १००.४ गेला की रात्र असो, चतुर्थी असो, क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, इस्पितळ गाठायचं.

तपकिरी पूड. हिच्याबद्दल मी फक्त एवढंच म्हणेन की जिला नाव नाही तिला पोटात जागा नाही. अशा पुडींत कधी स्टिरॉईड कुटून घातलेलं असतं. म्हणूनच ‘घेतल्यापासून भूक लागते, अंग हलकं वाटतं’ असं रुग्ण सांगतात. कधी धातू असतात. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती छापील लेबलांची होती. म्हापशाच्या पुडीला लेबलही नाही.

नणंदेचं काय? ती रोज सकाळी सहाला उठून काढा उकळते, ते दुष्टपणाने नाही. आईसाठी हाताला काहीतरी काम हवं असतं. ते काम काढून घेतलंत तर दुसरं द्या. मळमळीच्या दिवशी पेजेत आल्याचा तुकडा, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं खाली दाबून धरणं, संध्याकाळी आईला घेऊन अंगणात वीस मिनिटं चालणं. योगासनांना तर टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर चाचणी करण्याइतकं गंभीरपणे घेतलं. किमोला धक्का न लावता चालेल असं पुष्कळ आहे, त्यात नणंदेची माया सामावेल.

पेडण्याहून एक निवृत्त शिक्षक:

*मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. हनुमानफळाची पानं किमोच्या दहा हजार पट शक्तिशाली आहेत असा संदेश मला चार जणांनी पाठवला. दारात झाड आहे. पानांचा काढा घेऊ का? झाडपाल्याला तुम्ही लोक उगीच नावं ठेवता असं माझं मत आहे.*

गुरुजी, मत तुमच्यापाशी ठेवा, पण माझ्या आजोबांच्या खलाशपथ सांगते, झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. किमोच्या कपाटातली कित्येक मंडळी झाडांचीच होती. तुळशीजवळ सदाफुली असेल ना? रक्ताच्या कर्करोगात मुलांना देतात ते व्हिनक्रिस्टीन तिचंच. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातलं इरिनोटेकान त्या कुळातलं. आधीच्या पत्रातलं पॅक्लिटॅक्सेल मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतलं.

पण एक ग्रॅम व्हिनक्रिस्टीनसाठी साधारण ५०० किलो सुकी पानं लागतात असं सांगतात, आणि रुग्णाला एका वेळी ते दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. जरा जास्त झालं की नसा बधिर होतात, आतडी थंडावतात. त्या हिशोबाला औषध म्हणतात. पान चुलीवर ठेवून ‘अर्धा होईपर्यंत आटवा’ यात तो हिशोब कुठे बसतो?

दहा हजार पटीची गोष्ट काचेच्या ताटलीतली आहे. हनुमानफळातली काही रसायनं ताटलीतल्या कर्कपेशी मारतात, खरं आहे. ताटलीत हुर्राक, म्हणजे काजूची मोसमी दारू, ओतला तरी पेशी मरतील, म्हणून एप्रिलमध्ये गोव्यात कर्करोग बरा होतो असं नाही. माणसावर नीट चाचणी होऊन या पानांनी कर्करोग बरा झाल्याचं कोणी दाखवलेलं नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर या झाडाची फळं नेहमी खाणाऱ्या आणि पानांचा चहा पिणाऱ्या लोकांत कंपवातासारखा आजार जास्त दिसल्याचं १९९९ मध्ये नोंदलं गेलं. फळाची फोड कधीमधी खा, छान आंबटगोड लागते. पानं झाडावर राहू देत. इंजेक्शनची तारीख चुकवू नका.

फोंडा तालुक्यातून एक मुलगा:

*बाबा ५८ वर्षांचे, मोठ्या आतड्यात गाठ, दुसरी स्टेज. सर्जन म्हणतात लवकर काढूया. काकांनी देवळात प्रसाद लावला, ऑपरेशन करावं का म्हणून, तर डावी पाकळी पडली, म्हणजे देवाचा नकार. आता काकांनी सीमेपलीकडचा एक माणूस शोधलाय, तो सहा महिने औषध घ्या, लिहून देतो, गाठ विरघळेल म्हणतो. बाबा तिकडेच झुकलेत. काय करू?*

सहा महिने थांबू नका. हे पहिलं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक पाहणी छापली. न पसरलेला कर्करोग असून ज्यांनी सुरुवातीला फक्त पर्यायी उपचार निवडले असे २८१ रुग्ण, आणि त्यांच्याच वयाचे, स्टेजचे, नेहमीचे उपचार घेणारे ५६० जण. आतड्याच्या रुग्णांत पहिल्या गटाचा मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट होता, स्तनाच्या रुग्णांत साडेपाच पटींहून जास्त. त्याच चमूने पुढे ‘आम्ही इस्पितळाचे उपचारही घेतो आणि बाकीचंही’ म्हणणाऱ्यांकडे बघितलं. तिथेही मृत्यू जास्त. काढ्याने मारलं म्हणून नव्हे. त्यांतल्या ३४ टक्क्यांनी किमोला नकार दिला होता, इतरांत हे प्रमाण जेमतेम ३ टक्के. शेक, म्हणजे रेडिएशन, नाकारणारे तर निम्म्याहून जास्त. ‘दोन्ही घेतो’ म्हणता म्हणता त्यांतलं एक हळूच गळतं, आणि काढा सहसा गळत नाही. दुसऱ्या स्टेजची आतड्याची गाठ ऑपरेशनने पुष्कळदा कायमची जाते, ही संधी सहा महिन्यांनी तशीच उभी असेल याची हमी तो माणूस लिहून देईल का? तसं तर कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या जादूटोणा उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याचं काही पत्रक असेल तर काकांना ते जपून ठेवायला सांगा.

बाबांना इंग्रजी आकडे पटत नसतील तर आपलं सांगा. सुश्रुताने अर्बुदाचं, म्हणजे वाढत्या गाठीचं, वर्णन केलंय आणि ते शस्त्राने समूळ काढायला सांगितलंय. थोडं जरी शिल्लक राहिलं तर ते पुन्हा लवकर वाढतं, ही ताकीदही त्याचीच. आजोबा हा श्लोक म्हणत आणि गाठ घेऊन आलेल्या माणसाला स्वतः पणजीच्या बसमध्ये बसवून देत. पदवी असलेल्या वैद्याचं मत हवंच असेल तर धारगळला २०२२ पासून आयुर्वेदाची केंद्रीय संस्था आहे, फाईल घेऊन तिथे जा. भूक, झोप, बद्धकोष्ठ यांवर विचारा. सर्जनने दिलेली तारीख मात्र तशीच ठेवून जा.

आता पाकळी. मी देव मानणारी आहे, आमच्याही घरी प्रसाद लावतात. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी आजोबांनीच लावला होता. पण त्यांनी ‘करावं की न करावं’ असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, ‘सोमवारी न्यावी की गुरुवारी?’ गुरुवार मिळाला, गुरुवारी नेली. काकांना भटजींकडे परत घेऊन जा आणि असं गाऱ्हाणं घालायला सांगा. काका रागावतील, पण जातील.

काणकोणहून एक पत्नी:

*यजमानांना घशाचा कर्करोग, शेक चालू आहेत, पंधरा झाले. एकाने सांगितल्यावरून मासे, अंडी, साखर, मीठ सगळं बंद केलं. साखर कर्करोगाला खायला घालते म्हणे. महिन्यात सहा किलो उतरले. आता शेक देताना तोंडावर बसवतात तो मुखवटा सैल झालाय म्हणून टेक्निशियन रागावला.*

टेक्निशियन बरोबर रागावला. तो मुखवटा चेहऱ्याच्या मापाचा असतो, सैल झाला की किरण ठरलेल्या जागी पडत नाहीत. मग नवा मुखवटा, नवा हिशोब, मध्ये दिवस जातात, आणि घशाच्या शेकांत मध्ये दिवस गेलेले चालत नाहीत. तुमचं पथ्य त्यांच्या उपचारातले दिवस खातंय.

साखर सगळ्याच पेशी खातात, कर्करोगाच्या जरा जास्त. पण तोंडाने बंद केली म्हणून रक्तातली बंद होत नाही, शरीर स्नायू मोडून ती तयार करतं. सहा किलो गेले त्यांतला बराचसा भाग त्यांच्या दंडांचा आणि मांड्यांचा आहे, गाठीचा नव्हे. डायबिटीस असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना विचारा.

मासे आजपासून सुरू करा. शंभर ग्रॅम माशात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि घसा सोललेल्या माणसाला माशाइतकं मऊ दुसरं काही नाही. उकड्या तांदळाची पेज मिक्सरमधून काढा, त्यात काटे वेचलेला मुडदुशा किंवा सुंगटं कुस्करून घाला, वरून चमचाभर खोबरेल. तिरफळ, मिरची, सोलं काही दिवस नकोत, झोंबतील. कोमट द्या, गरम नको. दोन तासांनी थोडं थोडं. गिळताच येत नसेल तर नाकातून नळी घालायची वेळ येण्याआधी इस्पितळातल्या आहारतज्ज्ञांना भेटा.

जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा खाडीतले मासे घ्या, नाहीतर रोज दोन अंडी. खारं सुकं नको, खरखरीत असतं. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, ते सोमवार पाळतात, त्या दिवशी काय. सोमवारी मुगाचं कढण आणि दही. मंगळवारी सकाळी परत मासे.